रेगाटा, जुनी बॅच आणि पूनावाला मॅडम

मार्च आला की आम्हा सीओईपीकरांना, म्हणजे पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजवाल्यांना, रेगाटाचे, नदीवरच्या आमच्या नौकोत्सवाचे, वेध लागतात. बोट क्लब १९२८चा, त्यामुळे मुळा नदीच्या काठावर पांढऱ्या केसांपासून फर्स्ट इयरपर्यंत सगळे दाटीवाटीनं बसलेले. ऊन उतरलं की कयाक बॅले, पंट फॉर्मेशन, अ‍ॅरो हेड अशा होड्यांच्या कसरती आणि अंधार पडला की मशाल नृत्य. वल्हवणाऱ्यांपेक्षा काठावरच्या माजी मंडळींचाच आवाज मोठा. "आमच्या वेळी बोटी एवढ्या डगमगायच्या नाहीत," हे मी प्रत्येक बॅचच्या तोंडून ऐकलंय. म्हणजे त्या कायमच डगमगत असणार.

मग गप्पांचे अड्डे जमतात. नाव नंतर, आधी बॅच, मग ब्रँच, मग होस्टेलचा ब्लॉक. कॉलेज १८५४चं, तेव्हा मिरवायला पूर्वज भरपूर. विश्वेश्वरय्या इथलेच, हे कुणीतरी दरवर्षी नव्यानं सांगतं.

आम्हा मेकॅनिकलच्या मुलींच्या अड्ड्यात मात्र नाव निघायचं ते लीला पूनावाला यांचं. १९६७ साली इथून मेकॅनिकलची पदवी घेणारी पहिली मुलगी. स्मिथीत, म्हणजे लोहारकामाच्या वर्कशॉपमध्ये, आम्ही घण उचलला की मुलं गंमत बघायला थांबायची. याच कॉलेजातून एकजण हे सगळं उरकून केव्हाच पुढे गेलीय, हे ठाऊक असणं तेव्हा फार कामी यायचं.

फाळणीत सिंध सोडून पुण्यात आलेलं त्यांचं कुटुंब. वडील लहानपणीच गेलेले. दापोडीच्या अल्फा लावलमध्ये त्या ट्रेनी म्हणून लागल्या आणि त्याच कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर पोहोचल्या. सेपरेटर, हीट एक्स्चेंजर बनवणारी ती स्वीडिश कंपनी. ऐंशीच्या दशकात अशा कारखान्याची सूत्रं बाईच्या हाती असणं म्हणजे काय, हे ज्यांनी शॉप फ्लोअरवर शिफ्ट केलीय त्यांनाच कळेल. १९८९मध्ये पद्मश्री मिळाली.

मला स्वतःला मात्र पदापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. "रिटायर झालो की कॉलेजसाठी काहीतरी करू," असं या अड्ड्यात आम्ही सगळेच म्हणतो. त्या २००१मध्ये निवृत्त झाल्या. पण मुलींना शिष्यवृत्ती देणारं लीला पूनावाला फाउंडेशन त्यांनी पती फिरोज यांच्यासह १९९५मध्येच, ऐन कामाच्या धबडग्यात उभं केलं होतं. सुरुवात पदव्युत्तर शिक्षणापासून. पुढे इंजिनीअरिंगची पदवी आणि डिप्लोमाही आला. गुण बघतात, तशी घरची परिस्थितीही. शिवाय चेक देऊन मोकळं व्हायचं नाही, मुलींना प्रशिक्षणही द्यायचं. हे फार शहाणपणाचं आहे. फी भरली तरी वर्गात इंग्रजी डोक्यावरून जातं आणि मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नाही. यात अडकलेल्या हुशार मुली मी पाहिल्यात.

हल्ली आमच्या अड्ड्यात अशाच शिष्यवृत्तीवर शिकलेल्या तरुण मुली येऊन बसतात. त्यांतल्या एकीनं सरळच विचारलं, एका मुलीची वर्षाची फी अख्ख्या बॅचनं वाटून घेतली तर प्रत्येकी किती पडेल? दोघांनी लगेच फोन काढून भागाकार केला. उत्तरं दोन आली. मग बॅचमध्ये माणसं नक्की किती, यावरच वाद पेटला. तो मिटेपर्यंत तिनं कागदावर नावं लिहायला घेतली होती, आणि पहिलं माझं होतं.