पाडलेल्या इमारतीच्या खडीतून एम-२५ : माझा अनुभव

पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेची जुनी इमारत पाडून नवे बांधकाम सुरू झाले, तेव्हा निघालेले काँक्रीट डंपरने बाहेर पाठवण्याऐवजी त्याचीच खडी करून वापरावी, असा आग्रह साइटवरील अभियंता या नात्याने मी धरला. खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्के आणि एम-२५ पर्यंतच्या (म्हणजे २८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या) आरसीसीमध्ये, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्के वापरता येते.

खरे कष्ट राडारोडा निवडण्याचे होते. विटा, फरशा आणि विशेषतः पीओपी बाजूला काढावेच लागते, कारण त्यातील सल्फेट सिमेंटला घातक ठरते. (सळई मजूर न सांगता वेगळी करतात, कारण तिला भंगारात भाव मिळतो; पीओपीला कोण विचारतो!)

क्रशरमधून आलेल्या खडीच्या दाण्यांना जुना मसाला (सिमेंट-वाळूचा थर) चिकटलेला होता. नेहमीच्या काळ्या दगडाच्या खडीचे जलशोषण एक टक्क्याच्या आसपास असते. हिचे साडेचारच्या वर भरले. अशी खडी कोरडीच मिक्सरमध्ये पडली, तर ती मिश्रणातले पाणी ओढून घेते, स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) बघता बघता उतरतो, मग मिस्त्री सवयीने वरून पाणी ओततो आणि ताकद गेलीच म्हणून समजा. म्हणून आम्ही खडी रात्रभर भिजवून सकाळी निथळू देत असू. मिक्सरमध्ये आधी खडी आणि वाळू निम्म्या पाण्यात फिरवायची, मग सिमेंट घालायचे आणि उरलेले पाणी शेवटी, हा क्रम ठेवला. त्यामुळे सिमेंटची दाट लापशी जुन्या मसाल्यातील भेगांत शिरते.

एम-२५ साठी सरासरी ताकदीचे लक्ष्य ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होते आणि २८ दिवसांच्या क्यूबनी (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी) ते गाठले. फुटलेल्या क्यूबमध्ये तडा बहुधा जुन्या मसाल्याच्या कडेने गेलेला दिसला, दगड मात्र शाबूत होता.

ताकद भरून काढण्यासाठी सिमेंट वाढवण्याचा सल्ला मी मानला नाही. काँक्रीटचा बहुतांश कार्बनभार सिमेंटमुळेच येतो. खडी वाचवून सिमेंट वाढवले, तर पर्यावरणाचा हिशेब तोट्यातच जाणार. उलट आम्ही सिमेंटचा काही भाग कमी करून फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातील बारीक राख) घातली आणि क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचा काळ, लांबवले. स्ट्रक्चरल कन्सल्टंटनी कॉलम-बीमसाठी मात्र परवानगी दिली नाही, त्यामुळे ही खडी कुंपणाच्या पायात आणि पार्किंगच्या जमिनीत गेली.