तुम्ही विचारलेत म्हणून: डब्यावरची अक्षरे कोण वाचणार?

घरी येणारा पाहुणा काचेच्या कपाटापुढे उभा राहतो, रेल्वेच्या डब्यांच्या तेवीस छोट्या प्रतिकृती पाहून घेतो, इंजिन कुठे आहे असे विचारतो (इंजिन नाही, मी फक्त प्रवासी डबे जमवतो), सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणले का असा विनोद करतो, आणि मग हातात भिंग दिले की खरा प्रश्न येतो: इतक्या बारीक अक्षरांवर महिना महिना घालवायचा कशाला, ती वाचणार कोण? हा प्रश्न मला मेव्हण्याने विचारला आहे, शेजाऱ्यांनी विचारला आहे, आणि कपाटाला पॉलिश करायला आलेल्या सुतारानेही विचारला आहे. प्रत्येकाला मी वेगळे उत्तर दिले आणि त्यातले एकही पुरते खरे नव्हते.

आधी एक कबुली, म्हणजे कोणी जाणकार ती माझ्या तोंडावर फेकायला नको. माझा एकही ब्रॉडगेज डबा पूर्णपणे अचूक नाही. एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात आपला १,६७६ मिलिमीटरचा रूळमार्ग १९.२६ मिलिमीटर रुंद व्हायला हवा. पण सगळीकडे मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेला आहे. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातला सव्वाएकवीस मीटरहून थोडा लांब असलेला डबा मी २४५ मिलिमीटरचा बरोबर उतरवतो आणि मग त्याला पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभा करतो. बार्शी लाईट रेल्वेचे मात्र नशीब चांगले. तिचा अडीच फुटी मार्ग, ७६२ मिलिमीटरचा, या प्रमाणात ८.७६ मिलिमीटर भरतो आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. कुर्डुवाडीहून वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी ती गाडी खऱ्या आयुष्यात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. माझ्या कपाटात तीच सगळ्यांत ताठ उभी आहे.

रुळाची रुंदी माझ्या हातात नाही, अक्षरे आहेत. शिवाय डब्याचे साल अक्षरांवरूनच ठरते. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला आणि निळा रंग १९९० च्या दशकात आला, तेव्हा निळ्या डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण असेल तर तो डबा या पृथ्वीवर कधीच धावलेला नाही. असा डबा जमवण्यापेक्षा गड्ड्यातली गाडी बरी, ती निदान कशाचा दावा करत नाही. हे उत्तर मी अनेकदा दिले आहे आणि ते चुकीचे नाही. मात्र ते देताना मी एक डबा पाहुण्यांना दाखवत नाही. तो कपाटात नसतो. आतल्या खोलीत, चादरीत गुंडाळून ठेवलेला असतो.

तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७५ मध्ये माझ्यासाठी केला होता. मी चार वर्षांचा होतो. अण्णा सोलापूरला रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात पेंटर होते; डब्यांवरची अक्षरे आणि आकडे रंगवणे हे त्यांचे काम. घरच्या डब्याला चहाच्या खोक्याचे प्लायवूड, छताला तेलाच्या डब्याचा पत्रा, खिडक्यांच्या आडव्या गजांना सायकलच्या तारा आणि चाकांना गिरणीतल्या लाकडी बॉबिनच्या चकत्या वापरल्या होत्या. लांबी ६१ सेंटिमीटर. पुढे मी मोजले तेव्हा दोन बोगींच्या (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्यबिंदूंमधले अंतर ४२ सेंटिमीटर भरले. खऱ्या डब्याच्या मापांवरून हिशेब केला तर ते ४२.३ यायला हवे. अण्णांनी नकाशा पाहिला नव्हता. रोज त्या डब्यांशेजारी शिडी लावून उभे राहत, तेवढेच.

१९९४ मध्ये अण्णा गेले. त्यानंतर पाच वर्षांनी मला हा नाद लागला आणि नव्याने बाटलेला जशी जोरात बांग देतो तशी माझी गत झाली. घरातला हा पहिला डबा मी माळ्यावरून खाली काढला आणि तपासायला बसलो. दारावर दुसऱ्या वर्गाची खूण होती. तिसरा वर्ग वर्षभरापूर्वीच गेलेला, म्हणजे बरोबर. मी मनात वडिलांना शाबासकीसुद्धा दिली. मग दारावरून नजर बाजूच्या पट्टीकडे गेली. तिथे पिवळ्या रंगात लिहिले होते: द.म.रे.

दक्षिण मध्य रेल्वे. सोलापूरच्या डब्यावर! सोलापूर मध्य रेल्वेत आहे हे इथले शेंबडे पोरही सांगेल. दक्षिण मध्यचे मुख्यालय सिकंदराबादला, म्हणून मी निष्कर्ष काढला की तिकडचा एखादा डबा दुरुस्तीला आला असेल आणि अण्णांनी सवयीने त्यावरची अक्षरे घरी उतरवली असतील. १९७६ चा एक स्टुडिओतला फोटो आहे, त्यात तो डबा माझ्या मांडीवर आहे. तोही मी पाहिला, पण माझ्या कोपराआडून फक्त ‘रे.’ तेवढे दिसते. मग मी चारशे नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवला आणि द.म.रे. घासून काढले. आई दारात भाजी निवडत बसली होती. विटकरी रंग जुळवायला मला दोन रविवार लागले, कारण जुना रंग उन्हाने फिका झाला होता आणि नवा प्रत्येक वेळी गडद पडत होता. तिसऱ्या रविवारी मी स्टेन्सिल कापून म.रे. लिहिले. कोणी विचारेल की निदान दुसरी बाजू तरी राहिली असेल. नाही. मी दोन्ही बाजू घासल्या. त्या दिवसांत मला वेळ होता.

२००९ मध्ये, सहाव्या वेतन आयोगानंतर, आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुधारून घेण्यासाठी अण्णांची कागदपत्रे काढली. त्यात १९७२ चा बढतीचा आदेश होता आणि त्याच्या माथ्यावर छापलेले होते: दक्षिण मध्य रेल्वे, सोलापूर विभाग.

मी आईला विचारले. ती म्हणाली, “मग? तेव्हा आपण सिकंदराबादखालीच होतो की. ऑर्डरी सगळ्या तिकडनंच यायच्या.”

“मग मी डबा घासत होतो तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू पुस्तकं बघून करत होतास. मला वाटलं तुला जास्त माहीत असणार.”

२ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग मध्य रेल्वेतून निघून तिच्यात गेला आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी परत आला. अकरा वर्षे. माझे सगळे लहानपण त्यात येते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. १९९९ मधल्या त्या माणसाशी मी अजून भांडतो. शंका होती तर कोणाला विचारले का नाहीस, असे त्याला म्हणतो. शंका नव्हतीच, असे तो म्हणतो, आणि यापुढे माझ्याकडे बोलायला काही उरत नाही.

मात्र त्याच्या बाजूचाही एक मुद्दा आहे आणि तो मला अडचणीचा वाटतो. १९७७ नंतर सोलापूरकडे राहिलेल्या डब्यांवर द.म.रे. पुसून म.रे. लिहावेच लागले, आणि ते लिहिणाऱ्या हातांत अण्णांचे हात होते. म्हणजे मी जे केले ते ऐतिहासिकदृष्ट्या चूक नाही, फक्त बावीस वर्षे उशिरा झाले, असे म्हणता येते. मी तसे म्हणूनही पाहिले आहे. पण अण्णा पुढे सतरा वर्षे जगले, घरात रंग होता, ब्रश होते, आणि त्यांनी घरच्या डब्याला हात लावला नाही. तो डबा त्यांनी १९७५ चा म्हणूनच ठेवला होता, असे मी स्वतःला सांगत आलो. अक्षरे पुन्हा पूर्वीसारखी करावीत म्हणून दोनदा पिवळा रंग कालवून बसलो आणि दोन्ही वेळा तो वाळू दिला, कारण अण्णांचा ‘द’ कसा होता हे मला आता आठवत नाही आणि फोटोत तो नाही. स्टेन्सिलचा ‘द’ लिहिला तर माहिती बरोबर होईल आणि डबा पुन्हा एकदा माझाच होईल.

सध्या मी १९७५ चाच एक डबा एचओमध्ये करतो आहे. त्यावरचे द.म.रे. दीड मिलिमीटर उंचीचे आहे. पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांचा पहिला कागद मी टाकून दिला, कारण ‘म’ पुढचा पूर्णविराम छपाईत गेला होता. कोण वाचणार आहे, असे याही वेळी घरात विचारून झाले.

मागच्या महिन्यात आईला विचारले की अण्णांनी घरचा डबा कधी बदलला का नाही. तिने थोडा वेळ आठवले. “दिवसभर तेच करून यायचे,” ती म्हणाली. “घरी आल्यावर परत कोण ब्रश धरतंय?”