माहितीपट तांड्यावर

आज बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावर आमचा ऊसतोडीवरचा माहितीपट दाखवला. मंदिराच्या भिंतीला पांढरी चादर, प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर, आवाजाला भजनी मंडळाचा स्पीकर. पडद्यावर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायला लागली, तशी पुढं बसलेली मावशी शेजारणीला म्हणाली, "फळी वली असली की पाय सरकतोय बघ." मुकादम उचलीची, म्हणजे हंगामाआधी मजुरांना दिलेल्या आगाऊ पैशाची, रक्कम सांगतो त्या जागी तर सगळा तांडाच बोलायला लागला. मी आवाज बंद करून ऐकत उभा राहिलो.

पूर्वी थिएटरात सिनेमाआधी सरकारी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट लागायचे. 1948 साली सुरू झालेली ती संस्था 2022 मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली. स्वतंत्र निर्मात्याची वाट तर पहिल्यापासूनच अवघड. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनाही आपलं काम दूरदर्शनवर लागावं म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली. आमच्यासारख्यांना ओटीटीवाले "विषय छान आहे" म्हणतात आणि पुढं फोन उचलत नाहीत. म्हणून वितरणही आम्हीच करतो: कॉलेजं, ग्रंथालयं, शेतकरी संघटना, ज्याला जमेल ती वर्गणी. पुढच्या फिल्मचं डिझेल त्यातूनच निघतं. ज्यांच्यावर फिल्म केली त्यांच्याकडून मात्र पैसे घ्यायचे नाहीत, हे माझं पक्कं आहे.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतील, तांडे ओस पडतील. त्याआधी केज, वडवणी, पाटोद्याकडं कुणाला दाखवायची असेल तर इनबॉक्स करा. पडदा-प्रोजेक्टर आम्ही आणतो, तुम्ही फक्त बायकांना पुढं बसवा.