पहिल्यांदाच स्कीइंग, तेही सहकुटुंब: बेटमेराल्पला जायचं असेल तर

आल्प्समध्ये स्कीइंगला यायचं म्हटलं की आपल्याकडे नावं ठरलेली असतात: झेरमाट, सेंट मॉरिट्झ, शामोनी. गावं उत्तमच आहेत. पण ज्या घरात पाच वर्षांची नात आहे, सत्तरीचे आजी-आजोबा आहेत आणि आई-बाबांनीही आयुष्यात कधी स्की पायाला लावलेली नाही, त्या घरासाठी ती नव्हेत. शेकडो किलोमीटरच्या उतारांचे पैसे भरायचे आणि पूर्ण आठवडा शे-दोनशे मीटरच्या सराव-उतारावर काढायचा, याला अर्थ नाही. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणसाचा दिवस तिथे कसा जाईल, हे आधी बघावं आणि मगच गाव ठरवावं.

त्या हिशेबात स्वित्झर्लंडच्या व्हाले कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य) बेटमेराल्प फार वरचं ठरतं. ऱ्होन नदीच्या खोऱ्यावर, सुमारे १,९५० मीटर उंचीवर, दक्षिणेला तोंड करून पसरलेल्या पठारावर रीडरआल्प, बेटमेराल्प आणि फीशरआल्प ही तीन गावं एका ओळीत आहेत. तिन्ही मिळून उतार शंभरएक किलोमीटरचे, बहुतेक रुंद आणि निळ्या-लाल वर्गातले (निळे सोपे, लाल मध्यम). गावात मोटारी नाहीत. हिवाळ्यात रस्त्यावर दाबून बसवलेला बर्फ असतो आणि त्यावरून माणसं चालतात, मुलं स्लेज ओढतात, स्कीवाले घसरत घरी येतात. मूल हातातून सुटून पळालं तरी गाडीखाली येण्याची भीती नाही. ही सोय किती मोठी आहे ते लहान मूल असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पोहोचायचं असं. झुरिकहून ब्रिग दोन तासांच्या आसपास, जिनिव्हाहून थोडं जास्त. ब्रिगला स्टेशनच्या इमारतीतून बाहेर चौकात यायचं, कारण पुढची लाल रंगाची लहान गाडी (माटरहॉर्न गोटहार्ड बान) आतल्या फलाटांवरून नाही, समोरच्या चौकातून सुटते. नवखी माणसं सामान घेऊन आतच शोधत बसतात आणि गाडी चुकते. तिथून वीसेक मिनिटांत बेटन टालस्टात्सिओन येतं आणि तिथेच केबल कारचं स्टेशन आहे. केबल कार दोन आहेत: एक थेट वर जाते, दुसरी मधल्या बेटन गावात बदलावी लागते. सामान आणि मुलं असतील तर थेट जाणारीच धरा. सहा वर्षांखालच्या मुलांना स्विस सार्वजनिक वाहतुकीत तिकीट लागत नाही.

केबल कारमधून बाहेर पडलं की पहिली खरी अडचण समोर येते, ती चाकांच्या बॅगांची. बर्फावर ती चाकं फिरत नाहीत. बॅग नांगरासारखी रुतते आणि दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागतो. म्हणून घर बुक करतानाच मालकाला दोन प्रश्न विचारून ठेवा: केबल कारपासून घर चालत किती मिनिटांवर आहे आणि वाट चढाची आहे का; सामान आणायला स्लेज ठेवता का, की गावातल्या वाहतूकवाल्याला सांगावं लागेल. स्लेजवर सामान लादताना जड बॅग खाली आणि मागच्या बाजूला ठेवून दोरीने आवळावी. दोरी घरूनच आणा. बॅगाही मोठ्या दोन आणण्यापेक्षा मध्यम चार बऱ्या.

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्यावं. ही घरं बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. जाहिरातीतल्या भाड्यावर शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल आणि दर माणशी दर रात्रीचा पर्यटन कर वेगळा लागू शकतो. एकूण आकडा लेखी मागून घ्या. स्वयंपाकाच्या बाबतीत तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. एक, शेगडी बऱ्याचदा इंडक्शनची किंवा काचेची सपाट असते. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, तळ स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा हवा. दोन, या उंचीवर पाणी साधारण ९३-९४ अंशांनाच उकळतं. कुकर नसेल तर तूरडाळ शिजता शिजत नाही; मूगडाळ किंवा मसूर आणा आणि रात्रीच भिजत घाला. तीन, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, पनीर यातलं काहीच चालत नाही. पोहे, रवा, मसाले, पापड, चटण्या आणा; दूध, दही, लोणी, भाज्या इथे घ्या. वर गावात दुकान आहे, पण आठवड्याचा मोठा बाजार खाली ब्रिगमध्येच करून वर जाणं स्वस्त पडतं.

डोंगरावरच्या उपाहारगृहांत शाकाहारी माणसाला र्‍योस्टी हा आधार वाटतो, पण बटाट्याच्या त्या खमंग थराखाली बेकनचे तुकडे असू शकतात आणि सूपचं पाणीही मांसाचं असू शकतं. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ (मांसाशिवाय, बेकनशिवाय) एवढे शब्द पाठ करून ठेवा. व्हालेचं राक्लेट, म्हणजे वितळवून वाढलेलं चीज, इथलंच, अप्रतिम असतं. मात्र पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांना माहीत असलेलं बरं.

आता कधी यायचं. नाताळ ते नववर्ष हा आपल्या शाळांना सोयीचा आणि इथला सगळ्यात महागडा, गर्दीचा काळ. फेब्रुवारीत स्विस शाळांच्या क्रीडा-सुट्ट्या कँटनाप्रमाणे वेगवेगळ्या आठवड्यांत येतात, त्यामुळे तेव्हाही गर्दी. मार्चमध्ये ऊन छान, पण उतार दक्षिणेकडचे असल्यामुळे दुपारनंतर बर्फ मऊ आणि जड होतो; नवशिक्याच्या पायात तो अडकतो आणि गुडघा पिरगळतो. शिवाय तेव्हा आपल्याकडे परीक्षा. शाळेतून आठवडाभर रजा मिळत असेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा: गर्दी कमी, भाडी उतरलेली, बर्फ कोरडा आणि भुसभुशीत. थंडी मात्र खरी असते, दिवसा उणे ५ ते उणे १० नेहमीचं. मेच्या सुट्टीचा विचार करूच नका. हंगाम एप्रिलमध्येच संपतो.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि इथेच बरेच जण फसतात. व्हिसापुरता घेतलेला साधा विमा हिवाळी खेळांतली दुखापत बहुधा वगळतो. पॉलिसीत स्कीइंग, उतारावरून खाली आणण्याचा खर्च आणि हेलिकॉप्टर हे तीन शब्द स्पष्ट दिसले पाहिजेत. स्वित्झर्लंडमध्ये उतारावरून स्ट्रेचरने खाली आणल्याचं बिलही जखमी माणसाच्या नावावर येतं आणि हेलिकॉप्टरचं हजारो फ्रँकमध्ये जातं. व्हालेमध्ये तातडीच्या वैद्यकीय मदतीचा नंबर १४४. सगळ्यांच्या फोनमध्ये तो घालून ठेवा.

साहित्य विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. स्की, काठ्या, हेल्मेट फारसा त्रास देत नाहीत. नवशिक्याची स्की उभी धरली तर हनुवटी आणि नाकाच्या मध्ये कुठेतरी यावी, मुलांची हनुवटीपर्यंत पुरे. खरा प्रश्न बुटांचा. दुकानात बूट चढवताना पायात गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच पातळ स्की-मोजा हवा. थंडी वाजेल म्हणून दोन जोड घातले की रक्त नीट खेळत नाही, पाय उलट जास्त गारठतात आणि वळी पडून फोड येतात. आतल्या उबदार पँटची कडही बुटात खुपसू नये; तीच नडगीवर दिवसभर रुतते. बूट घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे सरकवा, बकलं लावा आणि सरळ उभे राहा: बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरली पाहिजेत आणि टाच उचलता कामा नये. मोकळा, चपलेसारखा सुखाचा वाटणारा बूट चुकीचा असतो, कारण पाय आत हलतो आणि स्की आपलं ऐकत नाही. दहा मिनिटं घालून दुकानातच फिरा. दुसऱ्या दिवशी दुखलं तर परत जाऊन बदलून मागा. चांगली दुकानं विनातक्रार बदलतात.

बूट आणि स्की यांना जोडणारा भाग, बाइंडिंग, पडल्यावर सुटावा म्हणून वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून जुळवला जातो. संकोचून वजन कमी सांगितलं की तो भलत्या वेळी सुटतो. वजन किंवा कौशल्य वाढवून सांगितलं की नको तिथे सुटत नाही आणि गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात. दुकानदाराला खरा आकडाच सांगा.

कपड्यांचे तीन थर: अंगाला लागून लोकर किंवा पॉलिएस्टर, वर फ्लीस, त्यावर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट-पँट. सुती बनियन आणि जीन्स नकोत. घामाने आणि बर्फाने भिजल्या की वाळत नाहीत. मुलांचे स्की-सूट, मोजे, हातमोजे पुण्या-मुंबईत डेकॅथलॉनमध्ये मिळतात आणि इथल्यापेक्षा स्वस्त पडतात. लहान मुलांना पाच बोटांचे नव्हे, अंगठा वेगळा असलेले थैलीसारखे हातमोजे घ्या, आणि दोन जोड. बर्फ सूर्याचे अतिनील किरण परावर्तित करतो, त्यामुळे सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावावं लागतं.

शिकवणीला पर्याय नाही. नवऱ्याने बायकोला आणि बापाने मुलाला शिकवण्याच्या फंदात पडू नये. मुलांचे गटवर्ग साधारण चार वर्षांपासून असतात आणि आठवड्याच्या सुरुवातीला एकत्र सुरू होतात, म्हणून मंगळवारी पोहोचून उपयोग नाही. आरक्षण करताना इंग्रजीत शिकवणारा प्रशिक्षक लेखी मागा. इथली भाषा जर्मन आहे. पहिले दोन दिवस सगळा खेळ सराव-उतारावर, जमिनीला लागून सरकणाऱ्या पट्ट्यावर चालतो. तेव्हा सबंध डोंगराचा आठवड्याचा पास घेऊ नका. सरावापुरतं काय तिकीट लागतं ते शिकवणीवाल्यांना विचारा आणि मोठा पास तिसऱ्या दिवसापासून घ्या.

मोठ्यांची फजिती होते ती टी-आकाराच्या दांड्याच्या लिफ्टवर. दांडा मागे आला की माणूस सवयीने त्यावर बसतो आणि सरळ खाली पडतो. बसायचं नाही, पाय समांतर ठेवून उभं राहायचं आणि दांड्याला आपल्याला ढकलत न्यायला द्यायचं. पडलात तर लगेच बाजूला सरा, कारण मागून पुढची जोडी येत असते. उतारावरचा मुख्य नियमही असाच सोपा: खाली जो आहे त्याचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने वाट काढायची. थांबायचं तर कडेला, वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा उंचवट्यामागे कधीच नाही.

मांड्यांची तयारी घरूनच करून या. गड उतरताना जे स्नायू भरून येतात तेच इथे दिवसभर कामाला असतात. दीड महिना आधीपासून जिने, बैठका आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं रोज करावं. अपघात बहुधा दुपारी, ‘आता शेवटची एक’ म्हणताना होतात. नवशिक्याने तीनला थांबावं.

आजी-आजोबांसाठी हिवाळी पायवाटा आहेत, गुलाबी पाट्यांच्या. त्या दाबून सपाट केलेल्या असतात. तळ खाचांचा असलेले बूट आणि एक काठी पुरते. बेटमेरहॉर्न शिखराकडे जाणाऱ्या गोंडोलाने (लहान बंद डब्यांची केबल कार) स्की न करताही वर जाता येतं आणि पलीकडे आलेच नावाची हिमनदी दिसते, आल्प्समधली सर्वांत लांब, सुमारे २० किलोमीटर. हा प्रदेश २००१ पासून जागतिक वारशात आहे. खालच्या फीश आणि फीशरटालच्या लोकांनी १६७८ मध्ये, हिमनदी पुढे सरकून गावांवर येऊ नये म्हणून देवाला साकडं घातलं होतं. आता ती इतकी आटते आहे की २०१० मध्ये व्हॅटिकनने संमती दिल्यावर त्याच प्रार्थनेचा अर्थ फिरवून, ती टिकावी असं मागणं सुरू झालं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी मात्र एवढ्या उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि पहिला दिवस गावातच काढावा.

परतीचा दिवस आखताना वाऱ्याचा विचार करा. जोराचा वारा सुटला की केबल कार थांबते, आणि मोटार येत नाही अशा गावात त्याला सोपा पर्याय नसतो. जानेवारी २०१८ मध्ये जोरदार बर्फवृष्टीने झेरमाटला हजारो पर्यटक अडकले होते, आणि तिथे तर रेल्वे आहे. म्हणून विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी खाली उतरा आणि रात्र ब्रिग किंवा झुरिकला काढा. साहित्य आदल्या संध्याकाळी दुकानात परत देता येतं का, ते पहिल्याच दिवशी विचारा. मग पुष्कळ दुकानं परतीच्या दिवसाचे पैसेही लावत नाहीत.