होय, सतार जुळवण्यालाच टाळ्या पडल्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. होय, १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पैसे जमवणाऱ्या त्या कॉन्सर्टला मी होते. आणि होय, रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यावर रविशंकर म्हणाले, जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. रेकॉर्डवर आहे ते, तुम्ही ऐकलेलं असतं. तरी पुण्यात, न्यू जर्सीत, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत मला गाठून हेच विचारलं जातं, आणि मी हो म्हणायच्या आत हसायला सुरुवात होते. अमेरिकनांना काय कळतंय!

मला ते हसू सहन होत नाही. सतारीच्या पडद्यांखाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, असतात. त्या नीट लागल्या की वरची एक तार छेडली तरी खालून तिच्या सुराच्या तरफा बोलतात. शेजारी अली अकबरांचा सरोद, त्यालाही तरफा. अल्लारखाँ तबला लावतायत, मागे कमला चक्रवर्तींचा तानपुरा. जन्मात असलं काही न पाहिलेल्या माणसाला हेच वादन वाटलं तर नवल काय? वाजवणारे थांबले, लोकांनी टाळ्या दिल्या. गप्प बसले असते तर तुम्हीच त्यांना उद्धट म्हणाला असतात. आपल्याकडे तानपुरे सुरेख जुळले की पुढच्या रांगेतला जाणकार मान डोलावतोच की.

बरं, ती मान आणि या टाळ्या एक नाहीत, एवढं मलाही कळतं. पण पुढचं कुणी का विचारत नाही? बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने आधीच सांगितलं होतं, हे संगीत आमच्यापेक्षा गंभीर आहे, शांत बसून ऐका. रविशंकरांनी वाजवताना सिगारेटी ओढू नका म्हणून विनंती केली होती. आणि हॅरिसन आणि रिंगो या बीटल्सच्या दोघांना एकत्र पाहायला आलेले ते हजारो लोक पंधरा मिनिटांहून जास्त ‘बांगला धून’ ऐकत बसले. संपल्यावर जी दाद मिळाली तीही रेकॉर्डवर आहे. तीन रेकॉर्डींच्या त्या संचातली पहिली बाजू अख्खी या धूनची आहे. त्या दिवसाच्या आठवणी काढणाऱ्या किती चाहत्यांनी ती बाजू शेवटपर्यंत ऐकलीय? आणि टाळ्यांवर हसणाऱ्या आपल्या लोकांनी?

माझ्या शेजारी माझ्या वर्गातला मुलगा बसला होता, पूर्व बंगालमधल्या जेसोरचा. त्याचं नाव लिहीत नाही. मार्चमध्ये तिकडे पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली, त्यानंतर घरून पत्र आलं नव्हतं. आईवडील सीमा ओलांडून भारतात बनगावच्या बाजूला आल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं, त्यापुढे काही नाही. धून चालू होती तेव्हा तो गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून होता. मग मध्यंतरात पडद्यावर पूर्व बंगालचं चित्रण दाखवलं. प्रेतं, चालणारी माणसं, पोरं. तो पुढे वाकून एकेक चेहरा बघत होता. तो काय शोधतोय हे माझ्या लक्षात आलं आणि मला पडद्याकडे बघवेना. त्याच्याकडेही बघवेना. चित्रण संपलं, दिवे लागले, हॅरिसन पांढऱ्या सुटात आला, त्याचं ‘वा-वा’ हे गाणं सुरू झालं आणि अख्खं गार्डन उभं राहिलं. तो बसूनच होता. रिंगो गायला, बिली प्रेस्टन नाचला, तो बसून.

मग गायक बॉब डिलन आला. जाहीर केलेला नव्हता, त्यामुळे आधी क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. गिटार, गळ्यात हार्मोनिका, आणि पहिलंच गाणं ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’, म्हणजे जोराचा पाऊस येणार. मी आनंदाने किंचाळले. त्या आवाजासाठी मी कितीतरी रात्री जागवल्या होत्या. शेजारचा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “येणार काय? तिकडे पडतोच आहे.” ऑगस्टातला पाऊस, छावण्यांमध्ये चिखल, कॉलरा. मी खाली बसले. पुढच्या गाण्याला पुन्हा उभी राहिले.

राहिले उभी. तेवीस वर्षांची होते, समोर डिलन गात होता, आणि पैसे शेजारच्या त्या मुलाच्याच माणसांसाठी जमत होते. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. मग कधीतरी वाटायला लागलं, की त्याच्या शेजारी बसून राहिले असते तर डिलनचं काय अडलं असतं? आणि लगेच वाटतं, मी बसून राहिल्याने त्याला तरी काय मिळालं असतं?

शेवटी हॅरिसनने ‘बांगलादेश’ हे गाणं म्हटलं तेव्हा मात्र तो उठला. कोट चढवण्यासाठी उठला असं तो आजही म्हणतो. गाणं संपेपर्यंत तो हलला नव्हता, हे मी पाहिलंय.

त्या दिवशीचे दुपारचा आणि रात्रीचा असे दोन्ही खेळ मिळून चाळीस हजार माणसं आली, युनिसेफला दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलरहून थोड्या जास्त रकमेचा धनादेश गेला. रेकॉर्डीचा बराच पैसा पुढे करांच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकून पडला. डिसेंबरात तो संच बाजारात आला तेव्हा ढाका नुकतं मुक्त झालं होतं. मी त्याच्यासाठी एक आणला. वेष्टनावर रिकाम्या थाळीमागे बसलेलं हाडं निघालेलं मूल आहे. त्याने तो हातात घेतला आणि परत केला. “हे घरात ठेवायचं?” एवढंच म्हणाला. मी चिडले. म्हटलं, या चित्रामुळेच लोक पैसे देतात. तो म्हणाला, “माहीत आहे.”

त्याचे वडील नंतर सापडले, आई नाही. आता तो टोरांटोजवळ असतो, फोन होतो. त्याचं म्हणणं, लोक डिलनसाठी आले होते, आमचं दुःख हे फक्त तिकीट. माझं म्हणणं, कशासाठी का येईनात, त्यांनी धून ऐकली, ते चित्रण पाहिलं आणि उठून गेले नाहीत. टाळ्यांवर मात्र तो कधी हसत नाही. तो म्हणतो, त्या संध्याकाळी आमच्याकडच्या एका तरी गोष्टीला लोकांनी न मागता टाळ्या दिल्या.