वाचनालयाच्या जुन्या छताची ॲस्बेस्टॉस तपासणी : माझा अनुभव

नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाचनालयाच्या मागच्या दालनाचे छत बदलण्याचे काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपवले, तेव्हा ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ‘जुने पत्रे फोडून काढणे’ अशी एक ओळ होती. मी त्या ओळीपाशीच थांबले, कारण अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून फुप्फुसात गेल्यास घातक ठरणारे बारीक खनिज तंतू, असू शकते. दालन 1968 सालचे आहे. वर राखाडी, नागमोडी सिमेंटचे पत्रे, भिंतीलगत उतरणारा पावसाच्या पाण्याचा नळ, विजेच्या मुख्य खटक्यामागे जाड पुठ्ठ्यासारखा करडा तक्ता आणि ग्रंथपालांच्या खोलीत चौकोनी विनाइल फरशी, असा सगळा संशयास्पद माल तिथे एकत्र होता. माकडांच्या उड्यांनी पत्र्यांचे कोपरे उडाले होते आणि तुटलेल्या कडेतून बारीक, पांढुरके केस बाहेर आलेले उघड्या डोळ्यांना दिसत होते.

ठेकेदाराचे म्हणणे साधे होते. “सिमेंटचेच पत्रे आहेत जी ताई, आणि इतकी वर्षं लोक याखाली बसून वाचतात, कोणाला काय झालं?” हा प्रश्न रास्त वाटतो, म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. धड पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात; धोका निर्माण होतो तो पत्रा फोडताना, कापताना, घासताना, आणि तेव्हा उडणारी धूळ सर्वांत आधी फोडणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. शिवाय मेसोथेलिओमासारखा कर्करोग धूळ श्वासात गेल्यावर अनेकदा 20 ते 40 वर्षांनी दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. कोणाला काही झाले नाही, असे म्हणणारा माणूस तितकी वर्षे कामगाराच्या मागे गेलेला नसतो.

इमारतीच्या वयावरून निष्कर्ष काढता येईल, असेही नाही. ब्रिटनने 1999 साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, म्हणजे क्रायसोटाइलवर बंदी घातली, त्यामुळे तिथे बांधकामाचे साल पाहून बराच अंदाज येतो; आपल्याकडे आयात केलेल्या क्रायसोटाइलचे पत्रे पुढेही बनत आणि विकले जात राहिले, म्हणून अलीकडच्या शेडचे छतही संशयाबाहेर ठेवता येत नाही. एक खूण मात्र उपयोगी पडते. ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नागमोडी पत्र्यांचे भारतीय मानक आयएस 459 हे आहे, आणि मानकचिन्हासोबत हा आकडा छापलेला असतो. आमच्या पत्र्यांवर शेवाळ्याचा काळा थर होता. पण एका पत्र्यावर दुसरा चढतो त्या झाकलेल्या पट्टीत, उन्हापावसापासून वाचलेला तो आकडा पुसट का होईना, वाचता आला. पत्र्यांचा प्रश्न तिथे जवळजवळ सुटला. तक्ता, नळ आणि फरशी यांवर मात्र काहीच लिहिलेले नव्हते.

प्रयोगशाळा शोधण्यात बराच वेळ गेला. शहरात ज्यांना विचारले त्यांच्याकडे पाणी, माती, सिमेंट यांच्या चाचण्या होत होत्या, ही होत नव्हती. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे एवढे ऐकून समाधान मानू नये. त्या प्रमाणपत्रासोबत मान्य चाचण्यांची यादी असते, तिच्यात घन नमुन्यातील ॲस्बेस्टॉस ओळखण्याची चाचणी आहे का, ते पाहावे. अशी प्रयोगशाळा शेवटी मुंबईकडे मिळाली आणि नमुने कसे घ्यायचे, याच्या लेखी सूचना तिनेच पाठवल्या.

नमुने आम्ही सुटीच्या दिवशी सकाळी लवकर घेतले. दालन रिकामे केले, पंखे आणि कूलर बंद केले, खाली प्लास्टिक अंथरले. ज्या मिस्त्रींनी नमुने काढले त्यांना पी100 दर्जाच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळण्यांचा मास्क दिला, कारण तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून फवारणीच्या बाटलीने जागा पूर्ण भिजवली, आणि आधीच तुटलेल्या कडेवरून नखाएवढा तुकडा पकडीने अलगद मोडून घेतला. तुकडा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर जागा आणि तारीख. उघड्या पडलेल्या कडेवर लगेच रंगाचा जाड हात दिला. झाडू अजिबात वापरला नाही. ओल्या फडक्याने पुसून तेही पिशवीत बंद केले. विजेच्या तक्त्याचा तुकडा वीज तोडून इलेक्ट्रिशियनसमोर काढला.

भूशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित प्राध्यापकांनी, मुंबईकडच्या तज्ज्ञांना नेमके काय दिसते, ते मला त्यांच्या ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्यासाठी त्यांच्या खनिजसंग्रहातील क्रायसोटाइलची तयार काचपट्टी होती. टोकाला पिंजारलेल्या, लाटेसारख्या वळलेल्या जुड्या दिसतात. मंच फिरवला की तंतू एका दिशेत पूर्ण काळा पडतो आणि पुढे सरकताच पुन्हा उजळतो. 1.550 वक्रीभवनांकाच्या (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) तेलात तो ठेवला की विशिष्ट रंग येतात आणि त्यांवरून प्रकार ठरतो. नारळाचा काथ्या किंवा काचतंतू असे वागत नाहीत.

अहवालात पत्रा आणि तक्ता या दोन्हींत क्रायसोटाइल निघाले. नळात त्याच्यासोबत क्रोसिडोलाइट, म्हणजे निळे ॲस्बेस्टॉसही होते, जे अधिक घातक मानले जाते. फरशीत काही आढळले नाही. पण विनाइल फरशीतील तंतू इतके बारीक असू शकतात की साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून ते निसटतात, आणि खात्रीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, असा शेरा सोबत होता. तो खर्च न करता फरशी न उखडता तिच्यावरच नवी फरशी बसवायची, असे मी सुचवले आणि मंडळाने ते मान्य केले.

अहवाल हाती आल्यावर अंदाजपत्रकातील ती ओळ बदलली. पत्रे भिजवून, हुकबोल्ट कापून, अख्खे दोरीने खाली उतरवायचे. ग्राइंडर आणि घण वापरायचा नाही. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे द्यायचे. भंगारवाल्याला एकही तुकडा द्यायचा नाही, कारण तो पुढे कोणाच्या तरी गोठ्यावर चढतो. खर्च वाढला, आणि तो कामगारांच्या मास्कवर व मजुरीवर वाढला, याबद्दल मंडळात मी ठाम राहिले. ठेकेदारानेही अहवाल वाचल्यावर वाद घातला नाही. त्याची मुले त्याच्याच हाताखाली काम करतात.

नळाचा खालचा भाग भिंतीत गाडलेला आहे आणि तो तूर्त तसाच ठेवला आहे. त्याची जागा इमारतीच्या नकाशावर लाल शाईने दाखवली असून अहवालाची प्रत नकाशासोबत कार्यालयाच्या फाइलीत लावली आहे, आणि पुढे कोणत्याही प्लंबरला काम देण्याआधी ती त्याला दाखवावी, असा ठराव मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे.