बारक्याचं कागदावरचं नाव

रविवार, रात्री पावणेबारा

आमचा कोल्हापुरी रॅपचा अल्बम येऊन आज तीन आठवडे झाले. यावर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण लिहायला बसलो की कुरकुरच उतरते. पण आज संध्याकाळी बिंदू चौकात एका रिक्षातून आमचं तिसरं गाणं ऐकू आलं. आपल्याकडच्या रिक्षा म्हणजे लग्नाला निघालेल्या. आरसे, गोंडे, मागं छत्रपतींचा फोटो. हलगी सुरू झाली तसा ड्रायव्हरनं आवाज वाढवला. न राहवून विचारलं, "कुणाचं गाणं हो?"

"शिवाजी पेठेतल्या पोराचं हाय की. विषय हार्ड!"

आणि निघून गेला. मी गाडी बाजूला लावून दोन मिनिटं तिथंच उभा.

पेठेतल्या पोराचं! शब्द तिघा रॅपरांचे, बीट म्हणजे मागचं संगीत माझं, हलगी मामांची. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

आजोबा झीलकरी होते. पोवाड्यात शाहीर पुढं, डफ त्याचा, शब्द त्याचे, आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नावही तोच गुंफणार. झीलकरी मागं उभे राहून 'जी जी रं जी' धरतात. शाहिराला दम घ्यायला जागा तीच, आणि तेवढ्यात पुढची ओळही आठवते. पिराजीराव सरनाईकांच्या या गावात शाहिरांची नावं कुणीही सांगेल. त्यांच्या मागं उभे असणाऱ्यांची विचारून बघा. आजोबांकडं जपून ठेवलेली दोन हँडबिलं होती, दोन्हींवर 'आणि साथीदार' एवढंच. आमच्या पोस्टरवर तीन तोंडं झळकतात आणि खाली 'बीट' म्हणून माझं नाव आहे, मोबाईलवर झूम केलं तर दिसतं.

२००४ साली 'मॅडव्हिलेनी' नावाचा अमेरिकन रॅप अल्बम आला. शब्द एमएफ डूमचे, बीट मॅडलिबचे, पण दोघांनी मिळून मॅडव्हिलन हे एकच नाव घेतलं. कोण पुढं, कोण मागं, ही भानगडच मिटली. तो अल्बम पुरा व्हायच्या आधीच वर्षभर इंटरनेटवर फुटला होता, मग डूमनं आपला आवाज जरा संथ लावून पुन्हा रेकॉर्ड केला. आमचाही फुटला. तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी चार गाणी टाकली. कुणी ऐकलीच नाहीत, त्यामुळं पुन्हा रेकॉर्ड करायचा त्रास वाचला.

राजारामपुरीत आमच्या माळ्यावर सगळं झालं. आईच्या सगळ्या वाकळा भिंतींना टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. माईकमध्ये घरघर येते म्हणून फॅन बंद, त्यामुळं भर थंडीतही घाम. एक गडी शिवाजी पेठेतला, एक मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच झाली की दोघं आठवडाभर एकमेकांचा फोन उचलायचे नाहीत. पाचव्या गाण्यात दोघांची कडवी एकमेकांना तोडत येतात त्याचं पुष्कळांनी कौतुक केलं. त्यात कला वगैरे काही नाही. दोघं एका खोलीत आलेच नाहीत.

तिसरी इचलकरंजीची. वडिलांच्या शेडमध्ये मोबाईल धरून तिनं यंत्रमागाचा आवाज पाठवला, मिनिटाला १५० च्या आसपास ठोके. अर्ध्यावर धरला की ७५, त्यावर तिचं कडवं अलगद बसलं. अल्बममधलं सगळ्यात चांगलं कडवं तिचंच, हे बाकी दोघंही मान्य करतात, फक्त तिच्यासमोर नाही. त्यात ती 'मी आलो, मी बोललो' म्हणते, इकडच्या सगळ्या पोरी म्हणतात तसं. पुण्याच्या एका मित्रानं मला कळवलं, व्याकरण तपासून घ्यायला हवं होतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "त्याला सांग, तपासूनच घेतलोय."

मामा आले तो दिवस मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. करवीर तालुक्यातले, कुस्तीच्या मैदानात वाजवणारे. बरोबर घुमक्याला, म्हणजे घुमणाऱ्या ढोलक्याला, त्यांचा भाऊ आणि कैताळाला, म्हणजे छोट्या झांजांना, बारक्या. बारक्या गुऱ्हाळावर कामाला असतो, वीसेक वर्षांचा. आल्या आल्या मामांनी गच्चीवर जुने पेपर पेटवले आणि हलगी त्यावर धरली. कातडं तापून ताणलं जातं तसं बोटानं टिचकी मारून बघत होते. आधी ढब्ब, मग टण्ण. खालून आई ओरडली, काय जळतंय रे?

मामांच्या कानाला हेडफोन लावला, त्यात क्लिक सोडला, म्हणजे एका लयीची टिकटिक. मामांनी अर्ध्या मिनिटात काढून ठेवला. "कानात घड्याळ कशाला? मी काय गाडी चुकवणाराय?" मग तसंच वाजवलं, सलग सहा मिनिटं. सुरुवात मिनिटाला ९२ ठोक्यांवर, शेवट १०४ वर. कुस्ती चढते तशी हलगी चढते, त्यांना त्यात काही वावगं वाटेना. मधल्या चहाला मामांनी विचारलं, हे तुमचं रॅप आलं कुठनं? मी सांगितलं, ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत गाणी लावली. गाण्यात जिथं नुसतं तालवाद्यच उरतं तो तुकडा लोकांना नाचायला आवडतो, म्हणून एकच रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लावायची त्याची पद्धत. मामा बशी खाली ठेवत म्हणाले, "मग आमी काय करतोय? गडी चीत होईस्तोवर तेवढंच घुमवायचं."

तीन रात्री मी ती हलगी ९२ च्या चौकटीत कोंबायचा प्रयत्न केला. मेली ती हलगी. शेवटी उलटं केलं, गाणंच हलगीवर बसवलं, सॉफ्टवेअरमध्ये ठोक्यागणिक टेम्पो बदलत. त्यासाठी खुणा कुठं मारायच्या? हलगीच्या रेघा एकमेकांत मिसळलेल्या, घुमकं म्हणजे नुसता ढग. कैताळाचे ठोके मात्र स्क्रीनवर सुईसारखे उभे. मामा पुढं पळत होते, तेव्हाही त्यांच्या मागं एकही ठोका न चुकता कैताळ. सगळ्या खुणा मी त्यावर मारल्या. गाणं उभं आहे ते बारक्याच्या हातावर.

बाकी स्वागत म्हणाल तर बेताचं. मुंबईची नक्कल म्हणणारे काही, शिव्या नाहीत मग कोल्हापुरी कसलं म्हणणारे त्याहून जास्त. आईचं मत, "चांगलंय, पण पोरं जरा दम खात बोलली असती तर कळलं असतं." स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याला पैसे सुरू होत नाहीत. सातपैकी दोन गाणी त्यापुढं गेली आहेत, त्यातलं एक हलगीचं. चौघांत वाटून आलेल्या पैशांत गंगावेशीला दूध कट्ट्यावर एकेक ग्लास धारोष्ण दूध होईल, मलई मागायची नाही.

तर रिक्षावाल्यावर चिडून आज घरी आलो आणि लॅपटॉप उघडला, माझं नाव प्रत्येक गाण्याच्या माहितीत नीट दिसतंय का बघायला. दिसतंय. तिसऱ्या गाण्यात हलगीपुढं मामांचं पूर्ण नाव, घुमक्यापुढं त्यांच्या भावाचं. कैताळ कुठंच नाही.

आठवलं. पहाटे दोनला फॉर्म भरत होतो, त्यात पूर्ण नाव मागत होते आणि मला 'बारक्या'च्या पुढं काही माहीत नव्हतं. नंतर भरू म्हणून तो रकानाच काढून टाकला.

दुरुस्ती करता येते, चार-आठ दिवस लागतात. आत्ताच मामांना फोन लावला. झोपेतून उठले होते.

"बारक्याचं खरं नाव काय ओ?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "आयला. बारक्याच म्हणतोय की सगळी. थांब, सकाळी त्याच्या आईला इचारतो."

फॉर्म उघडाच ठेवलाय. भूमिका: कैताळ. नाव: रिकामं.